घरच्या घरी सुतारकाम: मशीन घेण्याआधी कायकाय बनवून ठेवावं?

रंधाभाऊ
इथले सुतारकामाचे धागे बरेचदा एकाच प्रश्नावर येऊन थांबतात: राउटर (लाकडात खाचा पाडायचं मशीन) कुठला घेऊ, टेबल सॉ (टेबलात बसवलेली गोल करवत) घेऊ की नको, हजार वॅटचं घेऊ की चौदाशेचं. मग दहा जण दहा कंपन्या सांगतात, मशीन येतं, आणि पहिल्याच स्टुलाचे चार पाय चार दिशांना जातात.

माझं मत जरा उलटं आहे. त्यावर इथे भांडण झालं तरी हरकत नाही. पिढीजात सुताराचा हात बसलेला असतो. रविवारच्या दोन तासांत आपला हात तसा बसणार नाही, हे एकदा मान्य करून टाकावं. तो जे हाताने करतो ते आपण एखाद्या फळीकडून, पट्टीकडून, ठोकळ्याकडून करून घ्यायचं. असं जोडसामान बनवायला प्लायचे कटपीस, फेविकॉल आणि थोडे स्क्रू पुरतात. आपल्या नागपुरात लकडगंजात टालांच्या आणि प्लायच्या दुकानांच्या रांगा आहेत, तिथे १८ आणि १२ मिमीचे कटपीस सहज मिळतात. अख्खी आठ बाय चारची शीट घेऊ नका, ती जिन्यातून वर नेताना शेजाऱ्यांशी संबंध बिघडतात.

सगळ्यात आधी गुण्या (काटकोन बघायचं हत्यार) तपासा. तोच खोटा असेल तर पुढचं सगळं खोटं. प्लायचा कंपनीतून आलेला सरळ काठ घ्या, त्याला गुण्या टेकवून बारीक पेन्सिलीने रेघ मारा. मग गुण्या पलटी करून त्याच बिंदूवरून दुसरी रेघ मारा. दोन्ही एकावर एक बसल्या तर गुण्या खरा. वर जाता जाता फाकल्या, तर जेवढी फट दिसते त्याच्या निम्मी चूक गुण्यात आहे. इतवारीत लोहा ओळीत गुण्या घ्यायला गेलात तर खिशात पेन्सिल ठेवा आणि दुकानातच ही परीक्षा घ्या. दुकानदार वैतागतो, वैतागू द्या.

मग बेंच हुक. नाव इंग्रजी असलं तरी वस्तू अगदी साधी. १८ मिमी प्लायचा दहा बाय आठ इंचाचा तुकडा, त्याच्या एका टोकाला वरून एक पट्टी आणि दुसऱ्या टोकाला खालून एक पट्टी. खालची टेबलाच्या काठाला अडकते, वरचीला लाकूड टेकवून करवत चालवायची. उजव्या हाताने काम करत असाल तर वरची पट्टी उजवीकडे इंचभर आखूड ठेवा, म्हणजे करवत लाकूड संपवून खालच्या फळीवर उतरते, टेबलावर नाही. पट्ट्या फेविकॉल आणि लाकडी खुंट्यांनी बसवा. खिळा ठोकलात तर करवत एक ना एक दिवस त्यावर जाणारच.

आता ज्याच्यासाठी हा धागा काढला ते: शूटिंग बोर्ड. करवतीने कितीही जपून कापलं तरी फळीचं टोक बरोबर ९० अंशात येत नाही, आणि ते आलं नाही की चौकट, डबा, ड्रॉवर काहीच जमत नाही. शूटिंग बोर्डवर रंधा आडवा, कुशीवर झोपवून चालवतात. खाली १२ मिमीची दीड फूट बाय नऊ इंच फळी. तिच्यावर तेवढीच लांब पण तीन इंचांनी अरुंद दुसरी फळी. ती तीन इंचांची पायरी म्हणजे रंध्याची वाट. वरच्या फळीच्या पुढच्या टोकाला आडवी पट्टी, वाटेशी बरोबर काटकोनात. लाकूड पट्टीला टेकवायचं, मिलिमीटरभराहून कमी बाहेर काढायचं, आणि रंधा वाटेवरून रेटायचा. टोकाकडून नितळ, अखंड झिलप्या निघायला लागल्या की समजावं जमलं. पट्टीचा आधार असल्यामुळे फळीची मागची कड तुटत नाही, हा आणखी फायदा.

तीन गोष्टी मात्र पाळा. पट्टीला आधी एकच स्क्रू मारा, त्यावर ती फिरवून गुण्याने जुळवा, मगच दुसरा मारा. वरच्या फळीच्या खालच्या कडेची कोर रंध्याने मारून घ्या, म्हणजे तिथे भुसा साचून रंधा तिरपा होत नाही. आणि वाटेवर मेणबत्ती घासा. रंधा लोखंडी असेल तर उत्तम. लाकडी रंध्याची कूस बरेचदा तळाशी काटकोनात नसते, ती आधी करून घ्यावी लागते. टोकाकडची बाजू फार कडक लागली तर पाण्याचा ओला बोळा फिरवा, लाकडाचे तंतू मऊ पडतात.

घोड्या (दोन, गुडघ्याइतक्या उंच, घडीच्या), पुश स्टिक (मशीनच्या पात्याकडे लाकूड ढकलायची काठी), भिंतीवर क्लॅम्प टांगायची पट्टी, हे सगळं नंतर. त्यात सांगण्यासारखं फार नाही.

तर्रीपोहे
वाचनखूण साठवली. एक शंका. घरी जुन्या वाड्याच्या दारांचं सागवान पडून आहे, अस्सल आलापल्लीच्या जंगलातलं असं आजी सांगते. ते सोडून प्लाय काहून वापरायचा?

रंधाभाऊ
@तर्रीपोहे, सागवानाचं फर्निचर कर, जिग (म्हणजे हे वरचं जोडसामान) करू नको. कारण आपल्या गावची हवा. मे महिन्याच्या दुपारी पारा ४५ च्या वर आणि हवेत ओलावा २० टक्क्यांच्याही खाली, आणि जुलै-ऑगस्टात तोच ओलावा ८० च्या पुढे. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. लांबीत जवळजवळ काहीच फरक पडत नाही, रुंदीत पडतो. सागवान इतर लाकडांच्या मानाने शहाणं, तरीही साध्या चिराईची एक फूट रुंद फळी उन्हाळा ते पावसाळा दीड सुतापर्यंत फुगू शकते. आठ सूत म्हणजे एक इंच, तेव्हा दीड सूत म्हणजे पावणेपाच मिलिमीटर. ज्या फळीकडून आपण काटकोनाची हमी घेणार, तीच अशी श्वास घेत बसली तर काय उपयोग? प्लायमध्ये थर एकाआड एक आडवे-उभे असतात, म्हणून ते एकमेकांना धरून ठेवतात.

आणि ते दार कापण्याआधी त्यावर चुंबक फिरव. जुन्या सागवानात मोडलेले खिळे हमखास असतात.

वाकसवाला
चांगला लिहिला धागा, पण एक गोष्ट सगळेच विसरून राहिले. आमचे आजोबा सुतार. त्यांनी उभ्या जन्मात टेबलावर काम केलं नाही. खाली बसायचे, फळी पायाखाली, टोक अंगठ्यात धरलेलं, आणि दोन्ही हात मोकळे. हे जे बेंच, व्हाइस, बेंच हुक आहे नं, ते उभं राहून काम करणाऱ्यांचं शास्त्र आहे. फ्लॅटच्या गॅलरीत चार फुटी बेंच ठेवाल तर कपडे कुठे वाळवाल?

मी काय केलं ते सांगतो. ३६ इंच लांब, नऊ इंच रुंद, जमिनीपासून सहा इंच उंच असा एक जाड पाट बनवला. एका टोकाला आडवी पट्टी, तिला लाकूड अडतं. मधे पाऊण इंचाची दोन भोकं, त्यात खुंट्या ठोकून पाचर मारली की फळी हालत नाही. रंधा मारायचा तर त्यावर घोड्यावर बसल्यासारखं बसायचं, आपलंच वजन क्लॅम्पचं काम करतं. करवत चालवायची तर गुडघा ठेवायचा. काम झालं की पलंगाखाली. शूटिंग बोर्डही त्याच पाटावर पट्टीला टेकवून ठेवतो, खाली बसून रेटायला जोर जास्त लागतो, पण रंधा डगमगत नाही.

क्लॅम्पलाही पैसे घालवू नका. एका फळीवर दोन पट्ट्या समोरासमोर मारा, मधे चिकटवायच्या फळ्या, आणि उरलेल्या जागेत दोन पाचरी उलटसुलट ठोका. वाकडातिकडा आकार असेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून ताणून गुंडाळा. खाली सेलोटेप लावायला विसरू नका, नाहीतर फेविकॉल जिगलाही चिकटवते.

रंधाभाऊ
+१०० वाकसवाला. पाटाचा फोटो टाका राव. आणि पाट १८ मिमीचे दोन प्लाय चिकटवून केला की अखंड लाकडाचा?

वाकसवाला
बाभळीचा. हो, फुगतो. पण त्याच्याकडून काटकोन मागत नाही मी, फक्त धरून ठेवायला सांगतो.

मीरा_गॅलरीवाली
बायकांनी पण लिहावं म्हणून लिहिते. :) मला दोन गोष्टींनी छळलंय, दोन्ही उन्हाळ्याच्या.

एक, फेविकॉल. एप्रिल-मेमध्ये दुपारी लावला तर दुसरी फळी भिडवेपर्यंत वर साय धरते आणि मग सांधा पोकळ राहतो. आता सकाळी सातच्या आत चिकटवते, आणि आधी सगळं कोरडंच जुळवून, क्लॅम्प उघडे ठेवून, मगच बाटली उघडते. कूलरच्या झोतात तर अजिबात नाही.

दुसरं म्हणजे तोच कूलर. रंधा आणि पटाश्या कूलरच्या खोलीत ठेवल्या तर चार-पाच दिवसांत तांबूस ठिपके. बाहेर हवा कोरडीठाक आणि घरात आपणच पावसाळा करून ठेवतो. मी १२ मिमीच्या प्लायची झाकणवाली पेटी केली, आत प्रत्येक पटाशीला खाच, आणि ठेवताना पात्यावर मशीनच्या तेलाचा कपडा फिरवते. ही पेटी रंधाभाऊंच्या यादीत पहिल्या पाचात हवी होती.

संत्रानगरी
सगळं छान, पण मला यात एक धोका दिसतो. लोक जिगच बनवत राहतात. माझा एक मित्र आहे, त्याच्या भिंतीवर पुश स्टिकचे सहा प्रकार टांगलेत, क्लॅम्पसाठी वेगळी मांडणी, स्क्रूंचे पन्नास डबे नाव घालून. घरात त्याने बनवलेली खुर्ची एक नाही. वहिनी विचारतात तर म्हणतो तयारी चालू आहे.

रंधाभाऊ
@संत्रानगरी, मुद्दा मान्य, वहिनींचाही. माझा नियम असा: हातातल्या कामाने मागितल्याशिवाय जिग बनवायची नाही. चौकट करायची आहे तर शूटिंग बोर्ड. फळीत एकाच अंतरावर दहा भोकं पाडायची आहेत तर भोकांची पट्टी. काम संपलं आणि वर्षभरात जिग पुन्हा लागली नाही, तर तिचा प्लाय दुसऱ्या कामाला.

नवशिक्या_४४००
नमस्कार, माझ्याकडे चार इंची ग्राइंडर आहे. त्याला लाकूड कापायचं दातेरी पातं बसतं असं दुकानदार म्हणाला. त्यालाच उलटं बसवून छोटं टेबल सॉ बनवायचे व्हिडिओ खूप आहेत. कोणी केलंय का?

वाकसवाला
करू नको भाऊ.

रंधाभाऊ
@नवशिक्या_४४००, वाकसवाल्यांनी दोन शब्दांत सांगितलं, मी जरा लांबवतो. चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११ हजारांच्या आसपास फेरे घेतो. त्याचं कव्हर घासायच्या चकतीसाठी आहे, दातेरी पात्यासाठी नाही. दात लाकडात अडकला की मशीन हातातून उसळतं, आणि त्याला टेकवायला तळपट्टीच नसल्यामुळे ते कुठेही जाऊ शकतं. उलटं बसवलं की तीच गोष्ट, फक्त आता बोटं पात्याकडे चालत जातात.

आपल्याकडचे सुतार वापरतात तो फरशी कापायचा कटर घे, ११० मिमी पात्याचा. त्याला निदान सपाट तळपट्टी आणि खोलीचा स्क्रू असतो. तोही १२-१३ हजार फेऱ्यांचा, तेव्हा लाकडाच्या पात्यावर छापलेला जास्तीत जास्त फेऱ्यांचा आकडा त्याहून मोठा आहे ना हे बघूनच घे. चष्मा, कानात बोळे, आणि सैल बाह्यांचा कुर्ता नको.

आणि त्याच्यासाठी ही गाइड बनव, मग टेबल सॉची आठवण येणार नाही. ६ मिमीचा एमडीएफ (लाकडाचा भुगा दाबून केलेली फळी), चार फूट लांब, फूटभर रुंद. त्यावर एका काठाला धरून १२ मिमी प्लायची तीन इंची पट्टी चिकटव, पट्टीचा कंपनीतून आलेला सरळ काठ आतल्या बाजूला. फेविकॉल सुकला की कटरची तळपट्टी त्या काठाला टेकवून एकदा टोकापासून टोकापर्यंत चालव. एमडीएफचा जादा भाग कापून पडेल, आणि जो काठ उरेल तोच तुझ्या पात्याचा बरोबर रस्ता. आता प्लायवर दोन खुणा कर, गाइडचा काठ खुणांवर ठेव, दोन्ही टोकांना क्लॅम्प लाव, काप. मोजमापात कटरच्या तळपट्टीची रुंदी मिळवायची-वजा करायची भानगडच नाही. गाइड नेहमी आपल्याला हव्या असलेल्या तुकड्यावर ठेवायची, म्हणजे पात्याची जाडी टाकाऊ बाजूने जाते.

पट्टी चिकटवण्याआधी कटर खाली करून बघ, मोटरचं पोट पट्टीला घासत असेल तर पट्टी पातळ घ्यावी लागते. पातं बदललं, विशेषतः जाडी बदलली, तर गाइडही नवी.

नवशिक्या_४४००
समजलं, धन्यवाद. ग्राइंडर लोखंडालाच ठेवतो.

श्वासोच्छ्वास
मी डॉक्टर आहे, सुतार नाही, म्हणून एवढंच. लाकडाच्या धुळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने पहिल्या गटात टाकलंय, म्हणजे माणसात कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा असलेल्या गोष्टींत. तो धोका मुख्यतः वर्षानुवर्षं धुळीत काम करणाऱ्यांना, नाकाच्या आणि सायनसच्या भागात. हौशी माणसाने घाबरून जायचं कारण नाही, पण दमा असलेल्यांनी आणि घरात लहान मूल असलेल्यांनी गंभीरपणे घ्यावं. झिलप्या खाली पडतात, त्यांचा त्रास नाही. पॉलिशपेपर आणि मशीनमधून उडणारी बारीक धूळ तासन्‌तास हवेत राहते. एन९५ मास्क लावा, रुमाल चालत नाही. आणि काम झाल्यावर कोरडा झाडू मारू नका, ओल्या कपड्याने पुसा.

मीरा_गॅलरीवाली
@श्वासोच्छ्वास, म्हणूनच मी हाताच्या रंध्यावर आहे. धूळ नाही, आवाज नाही, खालच्या काकूंची दुपारची झोप शाबूत. पॉलिशपेपरच्या कामाला मी एक्झॉस्ट फॅनसमोर बसते आणि खिडकीत जुन्या कूलरची जाळी लावलीय.

आरामशीन
माझ्याकडे टेबल सॉ आहे आणि आडवं कापायला स्लेड (लाकूड धरून पात्यावरून सरकणारी पाटी) बनवलाय. गुण्याने जुळवला, पण मोठ्या चौकटीत कोपऱ्याला केसभर फट राहतेच. गुण्याहून बारीक कसं मोजता?

रंधाभाऊ
पाच कापांची युक्ती. साधारण एक फूट चौरस प्लाय घे. एक बाजू काप. ताजी कापलेली बाजू स्लेडच्या पट्टीला टेकवून पुढची काप, असं फिरवत चारही बाजू. मग पहिली बाजू पुन्हा पट्टीला टेकवून पाचवा काप घे, इंचभर रुंद पट्टी निघेल असा. प्रत्येक वळणावर चूक साठत जाते, म्हणून या पट्टीत ती चौपट होऊन दिसते. पट्टीची दोन्ही टोकं व्हर्नियर कॅलिपरने मोज.

समज पट्टी ३०० मिमी लांब आहे आणि एक टोक दुसऱ्याहून ०.८ मिमी जाड निघालं. भागिले चार, ०.२. म्हणजे तुझ्या स्लेडची पट्टी ३०० मिमीत ०.२ मिमी तिरपी आहे. स्लेडची पट्टी ज्या स्क्रूवर फिरते तिथून तिचं दुसरं टोक ४५० मिमीवर असेल तर ते ०.३ मिमी सरकवायचं. कुठल्या बाजूला, ते कुठलं टोक जाड यावरून कळतं, आणि उलट सरकवलंस तर पुढच्या मापात चूक वाढलेली दिसेलच. ०.३ कसं सरकवायचं? मोटरसायकल मेकॅनिककडे फिलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांचा जुडगा) असतं ते घे. पट्टीच्या मागे एक ठोकळा ०.३ च्या पात्यासह टेकवून क्लॅम्प कर, पातं काढ, पट्टी ठोकळ्याला भिडव, स्क्रू आवळ. पट्टी पुढे आणायची असेल तर तेच उलटं: ठोकळा आधी नुसताच टेकवायचा आणि पातं नंतर मधे सरकवायचं.

आरामशीन
०.८ नव्हे, १.४ निघालं! गुण्या बदलतो आधी. मग ३०० ला ०.३५ ना?

रंधाभाऊ
बरोबर. सरकवून पुन्हा पाच काप घे, एका फेरीत क्वचितच बसतं. कापलेल्या पट्टीत ०.२ पर्यंत आलं की थांब, त्यापुढे लाकूडच ऐकत नाही.

तर्रीपोहे
धागा वर काढतोय. शूटिंग बोर्ड बनला, चौकटही बसली. आता पोरीचा हट्ट: तान्ह्या पोळ्याला (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा पोरांचा लाकडी बैलांचा सण) बाजारातला नंदी नको, बाबानं केलेला पाहिजे. धड त्या जुन्या सागवानाचं करतो. पण चाकं? हाताच्या ड्रिलने चारही सारखी आणि आस सरळ कशी येणार? टेबल सॉ, लेथ काही नाही.

वाकसवाला
वा! चाकांना ५० मिमीचा होल सॉ (ड्रिलला लावायची गोल करवत) घे. फळी पाटावर पाचर मारून घट्ट धर, होल सॉ अडकला की मनगट पिरगाळतो. अर्ध्यापर्यंत एका बाजूने, मग मधल्या भोकाचा नेम धरून फळी पलटी करून दुसऱ्या बाजूने. काठ फुटत नाही.

आसेसाठी छोटी जिग लागते. दोन इंच जाड लाकडाचा ठोकळा घे, एखाद्या वर्कशॉपात उभ्या ड्रिलवर त्यात ६ मिमीचं सरळ भोक पाडून आण. ठोकळ्याच्या खाली आणि बाजूला एकेक पट्टी मार, म्हणजे तो नंदीच्या पाटाच्या कोपऱ्याला प्रत्येक वेळी एकाच जागी बसतो. मग भोकातून हाताचं ड्रिल घाल. आरपार जायला बिट पुरत नसेल तर दोन्ही बाजूंनी अर्धं अर्धं, ठोकळा पलटी करून.

तर्रीपोहे
६ मिमीची लाकडी खुंटी आस म्हणून चालेल?

रंधाभाऊ
चालेल, पण पोळा पावसाळ्यातच येतो, खुंटी फुगलेली असते. पाटातलं भोक ६ चंच ठेव, खुंटी तिथे फेविकॉलने पक्की. चाकाचं भोक मात्र ७ मिमी कर, आणि खुंटीला मेण घास. चाकाच्या बाहेर एक गोल चकती चिकटव, चाक आणि चकतीच्या मधे पोस्टकार्डाची जाडी सोडून. फेविकॉल चाकाकडे ओघळू देऊ नको.